मध्यरात्रीच्या उन्हांतला पहारा

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुटींत पांच-सहा आठवडे अशा प्रदेशांत न्यावें, कीं जेथें रस्ता नाहीं, घर नाहीं, कित्येक ठिकाणीं झाडहि नाहीं, आणि संकटसमयीं घातलेली हांक ऐकावयास जवळपास कोणी माणूस नाहीं, ही कल्पना प्रथमच ऐकणारास थोडी चमत्कारिक वाटेल. आईबापांच्या काळजाचा तर तिनें ठोकाच चुकावा. तरी पण इंग्लंडांत १९३२ सालापासून ही प्रथा चालत आलेली आहे, आणि अमेरिकेंत व कॅनडांत तिचीं भावंडें आहेत. लॅपलंड, न्यूफाउंडलंड, आइसलंड, स्पिट्सबर्गेन, अलास्का, हडसन उपसागराकडे धांवणाऱ्या कॅनडांतील नद्या, हीं या मोहिमांचीं ठिकाणें. हजारों तरुण तेथून सुखरूप परत आले; कांहीं थोडे आले नाहींत. परत आलेल्यांनीं तेथें काय मिळविलें आणि न आलेले कोणत्या कारणानें गेले, या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांच्या इतकीं जवळ आहेत, कीं एक सोडून दुसरें सांगतां येत नाहीं.

या प्रथेचा जनक जॉर्ज मरे लेव्हिक हा ब्रिटिश आरमारांतील एक डॉक्टर. कॅप्टन स्कॉट १९१० सालीं दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला, तेव्हां लेव्हिक त्याच्या जहाजावर होता. पण प्रत्यक्ष ध्रुवाकडे गेलेल्या पांच जणांत तो नव्हता. व्हिक्टर कँपबेल याच्या हाताखालीं सहा जणांची एक निराळी तुकडी किनाऱ्याच्या पाहणीसाठीं पाठविण्यांत आली होती, तींत त्याची नेमणूक झाली. जानेवारी १९१२ मध्यें जहाजानें या सहा जणांना एका ओसाड किनाऱ्यावर कांहीं आठवड्यांच्या शिध्यासह उतरविलें आणि लवकरच परत येण्याचा वायदा केला. परंतु समुद्र बर्फानें असा कोंडला, कीं जहाजाला तो वायदा पाळतां आला नाहीं. हिवाळा तोंडावर आला. तेव्हां त्या सहा जणांनीं हिमाच्या एका ढिगाऱ्यांत गुहा खोदली. लांबी सुमारें बारा फूट, रुंदी नऊ फूट, आणि उंची एवढी, कीं उंच माणसास ताठ उभें राहण्याची सोय नाहीं. त्या बिळांत त्यांनीं दक्षिण गोलार्धाचा सारा हिवाळा काढला. सील व पेंग्विन मारून खाल्ले. त्यांच्याच चरबीवर चूल व दिवा पेटविला, आणि तिच्याच काजळीनें माणसें ओळखूं येईनाशीं झालीं.

गुहेंतील संसाराची एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. कँपबेलनें जमिनीवर एक रेघ ओढली. एका बाजूस तीन अधिकारी, दुसऱ्या बाजूस तीन खलाशी. रेघेच्या एका बाजूस जें बोललें जाईल, तें दुसऱ्या बाजूच्यांनीं ऐकलेंच नाहीं असें समजावयाचें, हा नियम. अंगाला अंग लागून निजणाऱ्या माणसांना एकान्त म्हणून जो कांहीं मिळावयाचा, तो त्या एका रेघेंतून मिळाला. प्रीस्टली हा भूगर्भशास्त्रज्ञ कोठीवाला झाला. तो साखर, चॉकोलेट व मनुका अक्षरशः मोजून देई. लेव्हिक रात्रीं सर्वांना डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ वाचून दाखवी. ३० सप्टेंबर १९१२ रोजीं ते सहाहि जण बाहेर पडले, आणि सुमारें दोनशे मैल चालून ७ नोव्हेंबर रोजीं मोहिमेच्या तळाशीं पोंचले. तेथें त्यांना कळलें, कीं स्कॉट व त्याचे चार सोबती ध्रुवाकडून परतलेच नाहींत. त्या पांच जणांची कथा जगानें पाठ केली. गुहेंतून जिवंत आलेल्या सहा जणांची मात्र बाजूस राहिली. कोणी मेलें नाहीं, म्हणून काव्य झालें नाहीं.

याच लेव्हिकनें वीस वर्षांनीं, १९३२ सालीं, ‘पब्लिक स्कूल्स एक्सप्लोअरिंग सोसायटी’ स्थापन केली आणि शाळेंतील मोजकीं मुलें घेऊन तो फिनलंडच्या उत्तरेकडील अरण्यांत गेला. पुढें न्यूफाउंडलंडच्या अंतर्भागांतहि मोहिमा निघूं लागल्या. आरंभीं फक्त मुलगे, आणि तेहि श्रीमंतांच्या शाळांतले. काळाबरोबर हीं दोन्ही कुंपणें मोडलीं. संस्थेचें नांवहि बदलत गेलें, आणि आज ती ‘ब्रिटिश एक्सप्लोअरिंग सोसायटी’ म्हणून ओळखली जाते. हिमगुहेंतून आलेल्या मनुष्यानें मुलांना पुन्हां तसल्याच प्रदेशाकडे न्यावें, यांत विसंगति दिसेल. पण त्या गुहेंत शौर्याला वाव असा थोडाच होता. तेथें सहा जीव तगले ते मोजलेल्या मनुकांवर, ओढलेल्या रेघेवर आणि रोजच्या वाचनावर. आणि हीं कामें सोळा वर्षांच्या मुलालाहि करतां येतात.

‘अतिउत्तर’ म्हणजे नेमकें काय, हें येथें सांगितलें पाहिजे. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें साडेसहासष्ट अक्षांशाच्या उत्तरेस उन्हाळ्यांत निदान एक दिवस सूर्य मावळतच नाहीं, आणि जसजसें उत्तरेकडे जावें, तसतसे असे दिवस वाढत जातात. स्पिट्सबर्गेन बेटावरील लाँगयीरब्येन हें गांव ७८ अक्षांशावर आहे. तेथें एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत सूर्य क्षितिजाखालीं जात नाहीं. मध्यरात्रीं तो उत्तरेस उभा असतो. नव्या मुलांची पहिली फजिती येथेंच होते. झोप कधीं घ्यावी हें शरीराला कळत नाहीं. रात्रींचें जेवण दोन वाजतां होतें आणि सकाळ दुपारीं उगवते. शिवाय हवा इतकी स्वच्छ, आणि मापाला झाड अथवा घर नसल्यामुळें, समोरचा डोंगर तासाभराच्या वाटेवर भासतो तो अर्धा दिवस चालूनहि तेथेंच राहतो. हें बेट ज्या स्वालबार्ड द्वीपसमूहांत आहे, त्यावरील नॉर्वेचें स्वामित्व मान्य करणारा तह १९२० सालीं पॅरिस येथें झाला. त्यावर हिंदुस्थानच्या वतीनेंहि सही झाली होती, आणि २००८ सालीं तेथील नी-ऑलेसुंद या वस्तींत भारतानें ‘हिमाद्रि’ हें संशोधनकेंद्र उघडलें. तेव्हां हा मुलूख वाटतो तितका परका नाहीं.

अतिउत्तरेकडील पुष्कळशी जमीन उन्हाळ्यांत वरून वितळते, पण थोडें खणलें कीं खालीं ती बारमहा गोठलेलीच असते. पाणी मुरत नाहीं. तें वरच थबकतें आणि मैलोगणती दलदल होते. दलदल म्हणजे डांस. अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग व लॅपलंड येथील डांसांविषयीं प्रवाशांनीं जितकें लिहिलें आहे, तितकें तेथील अस्वलांविषयींहि लिहिलें नसेल. लॅपलंडांत डांसचिलटांच्या हंगामाला फिनिश भाषेंत ‘रॅक्कॅ’ असें स्वतंत्र नांवच आहे. तोंडावर जाळी ओढली तर घांस आंत जात नाहीं, आणि जाळी वर केली तर घांसाबरोबर डांस जातात. अशा जेवणांत जो हंसूं शकतो, तो पुढें मोठ्या प्रसंगींहि उपयोगीं पडतो, असा या मोहिमांच्या पुढाऱ्यांचा अनुभव असल्यास नवल नाहीं.

डांसांनीं जीव त्रासतो. नदीनें तो जाऊं शकतो. हिमनदीच्या तोंडांतून निघणारा प्रवाह दिवसाच्या प्रहराप्रमाणें चढतो व उतरतो. दुपारच्या उन्हानें वितळलेलें पाणी संध्याकाळीं खालीं पोंचतें. रात्रीं सूर्य मावळत नसला तरी क्षितिजालगत उतरतो, ऊन तिरपें व निःसत्त्व होतें, वितळणें मंदावतें, आणि पहांटे पाणी ओसरतें. सायंकाळीं जो ओघ धोंडे गडगडवीत नेतो, तोच पहांटे चार वाजतां गुडघाभर पाण्यानें ओलांडतां येऊं शकतो. ओलांडण्याचीहि रीत आहे. पाठपिशवीचा कमरपट्टा आधीं सोडावयाचा, कारण पाय निसटला तर ओझें तत्काळ टाकतां आलें पाहिजे. पाणी कितीहि थंड असलें तरी पायांतले बूट काढावयाचे नाहींत. तिघाचौघांनीं एकमेकांचे खांदे घट्ट धरावयाचे, आणि सर्वांत बळकट गड्यानें प्रवाहाच्या वरच्या अंगास राहावयाचें. हें सारें मुलें दोन दिवसांत शिकतात. शिकण्यास कठीण असतें तें थांबणें. पलीकडच्या तीरावर मुक्कामाची जागा दिसत आहे, अंतर शंभर पावलें, पोटांत भूक, अंग ओलें, आणि पुढारी म्हणतो, आज अलीकडेच राहावयाचें. सोळा वर्षांच्या रक्ताला ही आज्ञा नदीपेक्षां जड जाते.

बाकीचा दिवसक्रम थोडक्यांत सांगतां येण्याजोगा आहे. ओझें घेऊन थंडींत चालणाऱ्यास दिवसाला चार हजार कॅलरींच्या आसपास अन्न लागतें. इतकें पांच आठवड्यांचें अन्न एका खेपेस पाठीवर मावत नाहीं. म्हणून आधीं एक खेप पुढें नेऊन ठेवावयाची, रिकाम्या पाठीनें परत यावयाचें, आणि दुसरें ओझें उचलावयाचें. नकाशावर पांच मैल दिसणारी वाट पायांना पंधरा मैल पडते. दुपारीं कांहीं शास्त्रीय काम असतें. हिमनदीचें तोंड किती मागें हटलें तें मोजावें, पक्ष्यांचीं घरटीं मोजावीं, वनस्पतींचे नमुने दाबून ठेवावे. दहाबारा जणांच्या एका गटाला लेव्हिकच्या संस्थेंत ‘फायर’, म्हणजे शेकोटी, असें म्हणण्याचा प्रघात आहे. फिनलंडच्या अरण्यांत तें नांव शोभतें. स्वालबार्डमध्यें मात्र त्यांतली गंमत कळते, कारण तेथें मोठें झाड औषधालाहि नाहीं. ध्रुवीय वाळुंज आहे, पण तें बोटभर उंचीचें. आणि किनाऱ्यावर ओंडके सांपडतात, ते सैबेरियांतील नद्यांनीं समुद्रांत लोटून दिलेले.

आतां न परतलेल्यांविषयीं. ११ जून १९७८ रोजीं कॅनडाच्या ओंटॅरियो प्रांतांतील एका शाळेचीं २७ मुलें व ४ मोठीं माणसें चार मोठ्या कॅनू-होड्यांतून टेमिस्कॅमिंग सरोवरांत निघालीं. उत्तरेस जेम्स उपसागरापर्यंत जाण्याचा बेत होता, आणि हा त्याचा पहिलाच दिवस. वारा वाढला, लाटा उठल्या, एक होडी उलटली. तींतल्या मुलांना वांचविण्यासाठीं दुसऱ्या वळल्या, आणि चारांपैकीं तीन होड्या पालथ्या झाल्या. १२ मुलें व १ शिक्षक मृत्यु पावले. त्यांच्या अंगांत तरंगण्याचीं जाकिटें होतीं. नाकातोंडांत पाणी जाऊन बुडण्याची ही गोष्टच नव्हती. त्यांना थंडीनें मारलें. जूनमधील आकाश उन्हाळ्याचें असतें, पण उत्तरेकडील सरोवराचें पाणी तेव्हां हिवाळ्याचेंच असतें, हें त्या दिवशीं कळून आलें. मॅनिटोबा विद्यापीठांतील गॉर्डन गीसब्रेख्ट या शास्त्रज्ञानें अशा पाण्याचा हिशेब ‘एक, दहा, एक’ या तीन आंकड्यांत बसविला आहे. पहिलें एक मिनिट धाप आवरण्यास लागतें. नंतर सुमारें दहा मिनिटें हातपाय मनाप्रमाणें हालतात. आणि बेशुद्धि येण्यास सुमारें एक तास लागतो. जाकिटानें हा तास मिळतो. पण त्या तासांत कोणी पोंचलें नाहीं, तर जाकीट काय करणार? जो वारा पाहून किनाऱ्यावर बसून राहतो, त्याचें नांव कोठें छापून येत नाहीं, एवढाच त्याचा तोटा.

तेहतीस वर्षांनंतर, २०११ सालच्या एकाच उन्हाळ्यांत, दोन आठवड्यांच्या अंतरानें दोन प्रसंग घडले. पहिला अलास्कांतला. पॉल पेट्झोल्ट हा १९३८ सालच्या के-टू शिखरावरील अमेरिकन मोहिमेंतला गिर्यारोहक. त्यानें १९६५ सालीं वायोमिंग संस्थानांत रानांत राहण्याचें शिक्षण देणारी एक शाळा काढली. तिच्या पद्धतींत अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्यांची लहान टोळी शिक्षकांवाचून कांहीं दिवस चालते. २३ जुलै रोजीं तळकीट्ना पर्वतांत अशी सात मुलांची टोळी एका ओढ्याच्या कांठानें रांगेनें जात असतां पुढच्या मुलांची ग्रिझली अस्वलाशीं अकस्मात् गांठ पडली. तिखटाच्या अर्काच्या फवाऱ्याचे डबे बरोबर होते; ते हातीं घेण्यास अवसरच मिळाला नाहीं. चौघे जखमी झाले, त्यांपैकीं दोघे भयंकर. शिक्षक मैलोगणती दूर. त्या मुलांनीं तंबू ठोकला, जखमा बांधल्या, सर्वांना ऊब दिली, आणि जवळचें संकटसूचक यंत्र चालू केलें. विमानवाले पहांटेच्या सुमारास येऊन पोंचले. सातहि जण वांचले.

दुसरा प्रसंग ५ ऑगस्ट रोजींचा, आणि तो लेव्हिकच्याच संस्थेच्या मोहिमेंतला. तेरा जणांचा एक गट लाँगयीरब्येनपासून सुमारें २५ मैलांवर एका हिमनदीपाशीं मुक्कामास होता. स्वालबार्डमध्यें वस्तीबाहेर जाणारानें अस्वलाला पळवून लावण्याचें साधन जवळ बाळगलेंच पाहिजे, असा कायदा आहे. या गटाजवळ बंदूक होती, आणि तंबूंभोंवतीं तारहि लावलेली होती. अशा तारेला अस्वलाचा पाय लागला, कीं बार उडून सारे जागे व्हावयाचे. रात्रीं जागा पहारा मात्र नव्हता. सकाळीं साडेसातच्या सुमारास एक भुकेलेलें, म्हातारें ध्रुवीय अस्वल आंत शिरलें. बार उडाला नाहीं. पुढाऱ्यानें बंदूक रोखली, चार वेळां चाप ओढला, आणि चारहि काडतुसें न उडतां बाहेर पडलीं. शेवटीं स्वतः जबर जखमी झालेल्या एका पुढाऱ्यानेंच तें अस्वल मारलें. पण तोंपर्यंत सतरा वर्षांचा एक मुलगा मरण पावला होता आणि चौघे घायाळ झाले होते.

२०१४ सालीं इंग्लंडांत या मृत्यूची चौकशी झाली. तींत जें बाहेर आलें तें फार साधें होतें. तारेच्या साहित्यांतले कांहीं भाग अपुरे होते. आणि बंदुकीची कळ अशा एका मधल्या जागीं सरकली होती, कीं तेथें काडतूस आंतबाहेर होतें, पण गोळी सुटत नाहीं. कोरोनरनें संस्थेवर हयगयीचा ठपका ठेवला नाहीं. पण कायद्याचा ठपका नाहीं, म्हणून आईबापांच्या दुःखाचें समाधान होत नाहीं. त्या वेळीं पुष्कळांनीं विचारलें, कीं शाळकरी मुलांना अस्वलांच्या मुलखांत न्यावेंच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि ‘धाडसावांचून चारित्र्य घडत नाहीं’ असलें ठराविक उत्तर देऊन त्याची बोळवण करणें हें त्या मेलेल्या मुलाला अन्याय करणारें आहे. अलास्कांतील मुलें वांचलीं तीं धाडसी होतीं म्हणून नव्हे. जखम कशी बांधावी, हें त्यांना आधीं शिकविलेलें होतें आणि यंत्र चालू स्थितींत होतें म्हणून. मुलाच्या हातीं जोखीम देतां येते. जोखमीचा हिशेब मात्र मोठ्यांनींच ठेवावयाचा असतो, आणि त्यांत तारेचा तुकडाहि धरावा लागतो.

लेव्हिकला असा हिशेब ठेवण्याची संवय होती. २०१३ सालीं अंटार्क्टिकांत स्कॉटच्या जुन्या लांकडी घराबाहेर बर्फ वितळून त्याची एक छोटी वही वर आली. शंभर वर्षें ती बर्फांत पडून होती. बांधणी सुटली होती, पण पेन्सिलीचीं अक्षरें वाचतां येत होतीं. तींत साहसाचें वर्णन नाहीं. १९११ साली त्यानें घेतलेल्या छायाचित्रांच्या नोंदी आहेत: तारीख, विषय, आणि कांच किती वेळ उजेडांत उघडी ठेवली.

स्वालबार्डमधील मुक्कामांत जेथें काळजीनें वागतात, तेथें तंबूंभोंवतीं तार असतेच, आणि तारेच्या आंत जागा माणूसहि असतो. मोठ्यांबरोबर मुलेंहि पाळीपाळीनें पहाऱ्यास बसतात. रात्रीं दोन वाजतां ऊन पडलेलें असतें. तंबूंत निजलेल्यांचें घोरणें आणि दूर हिमनदीचा कडा तुटल्याचा गडगडाट, यांखेरीज आवाज नसतो. पहारेकरी मुलगा अगर मुलगी हातांत दुर्बीण घेऊन तंबूंभोंवतीं फिरते, चारी दिशा पाहते, तार हातानें चांचपते, थंडीनें बधिर झालेले पाय आपटते, आणि पुन्हां चारी दिशा पाहते. तास भरला, कीं शेजारच्या तंबूपाशीं जाऊन पुढच्याला हांक मारते, दुर्बीण त्याच्या हातीं देते, आणि दक्षिणेस एक पांढरा ठिपका आहे, बराच वेळ हाललेला नाहीं, बर्फच असावा, पण लक्ष असूं दे, एवढें सांगून निजावयास जाते.